गोव्यातली पहिली होडी: आउटबोर्ड घ्यावं की आतलं डिझेल?

मांडवीत, शापोऱ्यात किंवा साळ नदीच्या मुखाशी स्वतःची होडी ठेवायची असं ठरवलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो तो असा: "किती एचपीचं इंजिन घेऊ?" हा प्रश्न चौथा यायला हवा. त्याआधी होडीचं बूड कसं आहे, ती रोज कुठल्या पाण्यातून जाणार आणि वर्षाकाठी इंजिन किती तास चालणार, हे तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं कागदावर लिहून काढली की आउटबोर्ड की डिझेल हा वाद बहुधा आपोआप मिटतो. शेजाऱ्याच्या होडीला काय आहे हे पाहून घेतलेलं इंजिन मात्र दोन हंगामांत डोकेदुखी होतं, आणि मग चांगली होडी माडांच्या झावळ्यांखाली उन्हात तडकत पडते. असं होऊ नये म्हणून हा लेख.

इथे मी १४ ते २८ फुटांच्या होड्यांबद्दल बोलतोय: घरच्यांना घेऊन फिरायची, गळ टाकायची, किंवा छोटी जाळी लावायची होडी. ट्रॉलरचा विषय वेगळा आहे.

दोन इंजिनं, दोन स्वभाव

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीला, ट्रान्समला, बाहेरून अडकवलेलं इंजिन. डोकं, दांडा, गिअर आणि पंखा सगळं एकाच अंगात. दांडा वळवला की होडी वळते, इंजिन वर उचललं की पंखा पाण्याबाहेर येतो. छोट्या आकारात ती जवळजवळ सगळी पेट्रोलवर चालतात. मच्छीमारांसाठी रॉकेलवर चालणारीही मिळतात. ती पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घ्यायची असतात. आपल्या किनाऱ्यावर यामाहा आणि सुझुकी जास्त दिसतात, मर्क्युरी आणि टोहात्सुही आहेत.

इनबोर्ड डिझेल होडीच्या पोटात, तळावर बसवलेल्या जाड पायांवर बोल्टने घट्ट केलेलं असतं. त्याला गिअरबॉक्स, गिअरबॉक्समधून निघून बुडातून बाहेर जाणारा शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला पंखा आणि पंख्यामागे सुकाणू. त्याला थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं आणि धूर बाहेर काढायला एक्झॉस्ट लागतो. म्हणजे तुम्ही नुसतं इंजिन घेत नाही, एक सगळी जोडणी घेता. त्याच ताकदीच्या आउटबोर्डपेक्षा एकूण खर्च बराच जास्त येतो, आणि त्यातला मोठा वाटा मेस्त्रीच्या हाताचा असतो. हे आधीच मनात धरून चाला.

पहिली पायरी: होडी उलटी करून बूड पाहा

बुडाचे ढोबळ दोन प्रकार. एक गोल किंवा खोल बुडाचं, मागे निमुळतं होत जाणारं, वजनदार. जुन्या लाकडी होड्या आणि त्यांच्या साच्यावर बनवलेल्या बऱ्याच फायबर होड्या अशा असतात. या होड्या पाणी बाजूला सारत चालतात. त्यांच्या वेगाला निसर्गानेच मर्यादा घातलेली आहे: पाण्यातल्या लांबीचं, फुटांत, वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. येईल तो आकडा नॉटमध्ये कमाल वेग. २० फूट लांबीला साधारण ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. २५ फुटांना ६.७ नॉट. यापुढे तुम्ही एचपी दुप्पट केलीत तरी होडी फक्त मागे बसते, मोठी लाट उठवते आणि इंधन पिते. अशा होडीला दर टन वजनामागे ४-५ एचपी पुरते, त्यात वाऱ्यासाठी राखीव ताकदही आली.

दुसरा प्रकार म्हणजे मागे सपाट, रुंद, पुढे व्ही आकाराचं बूड. पुरेशी ताकद मिळाली की ही होडी पाण्यावर चढते आणि वरून घसरत पळते. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बहुतेक फायबर बोटी अशाच. यांना माणसं, इंधन, सामान धरून दर २० ते २५ किलोमागे एक एचपी लागते. ८०० किलो भरलेल्या होडीला म्हणजे ३२-४० एचपी. त्यापेक्षा कमी दिली तर ती धड चालत नाही आणि धड पळत नाही, नाक वर करून फरफटत राहते, तेव्हाच सगळ्यात जास्त पेट्रोल जातं.

आता वजन पाहा. ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड ७५ किलोच्या आसपास असतं, फोर-स्ट्रोक शंभराच्या घरात (या दोन प्रकारांबद्दल चौथ्या पायरीत). २५-३० एचपीचं हलकं, खास होडीसाठी बनवलेलं डिझेल गिअरबॉक्ससकट सव्वाशे ते दीडशे किलो भरतं. जमिनीवरच्या कामाच्या इंजिनातून बनवलेलं असेल तर त्याहून बरंच जड. त्यामुळे पळणाऱ्या हलक्या बुडात छोटं डिझेल घालणं म्हणजे तिचा मूळ गुणच मारणं. उलट वजनदार होडीत हेच वजन तळाशी, मधोमध बसतं आणि लाटेत होडी स्थिर राहते.

पळणारं हलकं बूड असेल तर निर्णय इथेच झाला: आउटबोर्ड. पुढच्या दोन पायऱ्या मुख्यतः जड बुडाच्या होडीवाल्यांसाठी आहेत, पण पाण्याबद्दलचं सगळ्यांनी वाचावं.

दुसरी पायरी: तुमचं पाणी ओळखा

गोव्यात जवळजवळ प्रत्येक नदीच्या तोंडाशी वाळू आहे. मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा वाळूचा दांडा पावसाळ्यात इतका भरतो आणि तिथे इतकी लाट फुटते, की खनिजाच्या बार्जेससुद्धा पावसात ती वाट सोडून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत आणि मुरगाव गाठत. शापोऱ्याच्या तोंडाशी मोरजीच्या बाजूने वाळू पुढे सरकते. बेतुलला साळ नदीचं तोंड अरुंद आहे. कुटबणचे ट्रॉलरही तिथे भरतीची वाट पाहतात. तळपणचं मुखही अरुंदच. आपल्याकडे उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, त्याहून कमी. सकाळी छातीभर पाणी असलेली जागा दुपारी गुडघ्याएवढी होऊ शकते.

अशा पाण्यात आउटबोर्डचा मोठा फायदा म्हणजे पंखा वर उचलता येतो. वाळूला टेकायला लागला की अर्धा उचला, हळू जा. किनाऱ्यावर होडी ओढायची असेल, पाळोळ्याला किंवा मोरजीला ओढतात तशी, तर दुसरा पर्यायच नाही. शाफ्ट आणि सुकाणू बाहेर आलेली होडी वाळूवर रोज ओढली तर काही दिवसांत शाफ्ट वाकतो.

पंख्यात दोरी किंवा जाळं अडकणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट. तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे, प्लास्टिकच्या गोणी, खुंट्यांच्या दोऱ्या सगळीकडे तरंगत असतात. आउटबोर्डवाला इंजिन बंद करून वर उचलतो आणि सुरीने कापून काढतो. इनबोर्ड असेल तर कुणाला तरी पाण्यात उतरावं लागतं. मांडवीत ते जमेल. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे तो विचारही करू नका. डिझेलच घ्यायचं असेल तर पंख्याखाली कण्याचा लोखंडी आधार पुढे आलेला असावा, आणि शक्य असेल तर शाफ्टवर दोरी कापणारी पाती बसवून घ्या.

आता दुसरी बाजू. पौष-माघापासून वैशाखापर्यंत सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, समुद्र तेलासारखा शांत असतो, आणि नवखा माणूस खुशीत ग्रांद बेटापर्यंत जाऊन पोहोचतो. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा भरतो. परत येताना जर ओहोटी लागलेली असेल तर नदीचं पाणी बाहेर आणि वारा आत, अशा टकरीत मुखापाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. होडीची मागची बाजू लाटेवर उचलली गेली की आउटबोर्डचा पंखा हवेत येतो, इंजिन किंचाळतं, पकड जाते. इनबोर्डचा पंखा बुडाखाली, खोल आणि पुढे असतो; तो पाणी सोडत नाही, आणि मोठा, सावकाश फिरणारा असल्याने जड होडीला लाटेविरुद्ध शांतपणे ढकलत राहतो. रोज मुखाबाहेर जाणाऱ्या, वजनदार होडीसाठी हा गुण मला इंधनाच्या बचतीपेक्षाही मोठा वाटतो. जीव त्यावर अवलंबून असतो.

म्हणून स्वतःला विचारा: मी नव्वद टक्के वेळ कुठे असेन? रायबंदर, चोडण, दिवाडी, कुंभारजुवे, खारफुटीतल्या अरुंद पोयी, इथे असाल तर आउटबोर्ड. मालिम किंवा बेतुलसारख्या ठिकाणी होडी पाण्यातच नांगरलेली आणि रोज सकाळी बाहेर, तर डिझेलचा विचार गंभीरपणे करा.

तिसरी पायरी: तास मोजा

इथे भावना बाजूला ठेवून हिशेब मांडायचा. प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक एचपीला ताशी ढोबळमानाने डिझेल ०.२२ लिटर, फोर-स्ट्रोक पेट्रोल ०.३ लिटर आणि जुन्या पद्धतीचं टू-स्ट्रोक ०.४५ लिटर किंवा जास्त घेतं. "प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या" हे शब्द महत्त्वाचे. २५ एचपीचं इंजिन सावकाश चालवताना १० एचपीच देत असतं.

समजा तुमची जड होडी चालायला १० एचपी लागते. डिझेल ताशी २.२ लिटर, फोर-स्ट्रोक ३ लिटर. रविवार आणि सुट्ट्या धरून वर्षाला ८० तास फिरलात तर बचत ६४ लिटर. एवढ्यासाठी पोटात इंजिन घालून घेणं परवडत नाही, ती रक्कम आयुष्यभर वसूल होणार नाही. तोच माणूस मासेमारी करत वर्षाला ८०० तास चालत असेल तर ६४० लिटर, शिवाय लिटरमागच्या भावातला फरक. आता गणित फिरलं. माझ्या मते वर्षाला २०० तासांच्या आत आउटबोर्ड, ४०० च्या वर डिझेल, आणि मधल्या पट्ट्यात पहिल्या दोन पायऱ्यांनी ठरवावं.

कमी वापराचा आणखी एक तोटा लोक विसरतात. डिझेलला काम आवडतं. दहा मिनिटं सुरू करून बंद केलेलं, नेहमी रिकाम्या भाराने फिरवलेलं डिझेल आतून काजळी धरतं आणि तेल खायला लागतं. नियमित, पुरेशा भारावर चालवलं तर ते हजारो तास टिकतं. महिन्यातून एकदा नदीत चक्कर मारणाऱ्याकडे ते उलट लवकर बिघडतं.

चौथी पायरी: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

आउटबोर्ड ठरलं तर हा पुढचा प्रश्न. टू-स्ट्रोक हलकं, साधं, कुठल्याही मच्छीमार वाड्यावर दुरुस्त होणारं. पण आवाज, धूर आणि पेट्रोल जास्त. त्यात तेल मिसळावं लागतं, सहसा ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिली. इंजिन नवं असताना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तेल जास्त. फोर-स्ट्रोक शांत, कमी पिणारं, पण जड. नवख्या कुटुंबवत्सल माणसाने फोर-स्ट्रोक घ्यावं असं मी सांगेन, एक गोष्ट तपासून: तुमची होडी टू-स्ट्रोकच्या वजनासाठी बांधलेली जुनी कॅनो असेल तर २५-३० किलो जास्त मागे टांगल्यावर ट्रान्सम खाली बसतो आणि मागून पाणी आत येतं. आधी तेवढ्या वजनाची वाळूची पिशवी मागे ठेवून, दोन माणसं मागे बसवून पाहा.

पाचवी पायरी: इंधन आणि आग

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, होडीच्या तळाला साचते आणि बॅटरीच्या एका ठिणगीची वाट पाहते. डिझेल नेहमीच्या हवेत असं पेट घेत नाही. आउटबोर्डमध्ये इंजिन उघड्यावर असतं म्हणून धोका आटोक्यात राहतो. तरी टाकी हवेशीर जागी बांधा, पेट्रोल भरताना डबा होडीबाहेर जेटीवर ठेवूनच भरा आणि बंद कप्प्यात टाकी ठेवू नका. गाडीचं पेट्रोल इंजिन काढून होडीच्या पोटात बसवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर नम्रपणे नाही म्हणा. कितीही स्वस्त असलं तरी.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढतं. आपल्या दमट किनाऱ्यावर महिनाभर पडलेल्या टाकीत पाणी तळाला वेगळं होऊ शकतं, आणि तेच कार्ब्युरेटरमध्ये जातं. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. विकत घेण्याआधी ते पान वाचा आणि विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्या. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, लागेल तेवढंच पेट्रोल भरा, रबरी नळ्या दर हंगामात दाबून पाहा. मऊ किंवा चिरलेली नळी लगेच बदला.

डिझेललाही पाणी चालत नाही. टाकी अर्धी रिकामी राहिली की आत दव धरतं. इथेही पाण्याचा फिल्टर हवाच, आणि फिल्टर बदलल्यावर लाइनमधली एअर कशी काढायची हे मेस्त्रीकडून स्वतःच्या हाताने करून शिका. भर समुद्रात डिझेल बंद पडण्याचं बहुतेक वेळा तेच कारण असतं, आणि एक पाना हातात असला तर दहा मिनिटांत सुटतं.

सहावी पायरी: बसवताना काय पाहायचं

आउटबोर्डच्या दांड्याची लांबी ट्रान्समच्या उंचीशी जुळली पाहिजे. आखूड १५ इंच, लांब २० इंच, त्याहून लांब २५ इंच. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बुडाच्या रेषेत किंवा दोन-तीन सेंटिमीटर खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर होडी जड चालते. इंजिन नुसतं स्क्रूवर ठेवू नका. आरपार बोल्ट मारा, भोकांत सीलंट भरा, नाहीतर पाणी फळीच्या आतल्या प्लायवूडमध्ये शिरून ट्रान्सम कुजतो. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून. चालवणारा पाण्यात पडला आणि होडी गोल फिरत त्याच्याच अंगावर आली, हे खरोखर घडतं.

डिझेलच्या बाबतीत बसवणारा मेस्त्री इंजिनाइतकाच महत्त्वाचा. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसतील तर होडी थरथरते, बेअरिंग जातात. ही रेष होडी पाण्यात उतरवल्यानंतर पुन्हा तपासायची असते, कारण किनाऱ्यावर टेकलेली होडी थोडी वाकलेली असते. शाफ्ट बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारी जुन्या पद्धतीची ग्लँड चालताना मिनिटाला काही थेंब गाळते, ते बरोबरच आहे. धार लागली तर आवळायची, पूर्ण कोरडी करायची नाही, नाहीतर तापून शाफ्ट खाते. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या प्रत्येक भोकाला व्हॉल्व्ह हवा आणि तो घरातल्या प्रत्येकाला बंद करता यायला हवा. शेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र (इम्पेलर) दर वर्षी बदला, एक जादा जवळ ठेवा. बिल्जमधलं, म्हणजे होडीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा, आपोआप सुरू होणारा बिल्ज पंप लावा.

मीठ आणि पाऊस

खऱ्या अर्थाने इंजिन मारतात ते हे दोघे. आउटबोर्ड प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा मिनिटं धुवा. ही सवय नसेल तर आतले पाण्याचे मार्ग मिठाने बुजतात. इंजिनाऐवजी स्वतः गंजून जाणारे झिंकचे तुकडे अर्धे झिजले की बदला, त्यांच्यावर रंग लावू नका. डिझेलमध्ये गोडं पाणी इंजिनात आणि खारं पाणी वेगळ्या नळ्यांतून जाणारी पद्धत असेल तीच घ्या. थेट खारं पाणी इंजिनात फिरवणारं स्वस्तातलं मॉडेल पुढे महाग पडतं. पाण्यातच राहणाऱ्या होडीच्या बुडाला आणि पंख्याला थोड्या आठवड्यांतच शेवाळ आणि कालवं धरतात, वेग उतरतो. म्हणजे वर्षातून एकदा तरी ओढून रंग लावण्याचा खर्च धरायलाच हवा.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि हौशी माणसाने तर सप्टेंबर संपेपर्यंत मुखाबाहेर जाऊच नये. या चार महिन्यांत आउटबोर्ड काढून घरी, पडवीत, उभं ठेवता येतं. पेट्रोल संपवून कार्ब्युरेटर रिकामा करा, गिअरचं तेल बदला, सिलिंडरमध्ये तेल फवारा. इनबोर्डला मात्र होडीसकटच निवारा लागतो: छप्पर, हवा खेळती, बॅटरी काढलेली, टाकी काठोकाठ भरलेली. तुमच्याकडे अशी जागा नसेल तर डिझेलच्या बाजूचा एक मोठा मुद्दा इथेच गळतो.

जुनं घेताना

इंजिन थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. आउटबोर्डचं गिअर तेल थोडं काढून बघा. दुधासारखं पांढरं असेल तर सील गेलंय. सुरू केल्यावर मागून पाण्याची पिचकारी जोरात यायला हवी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर, सगळ्या सिलिंडरचं जवळजवळ सारखं हवं. डिझेलमध्ये धूर बघा: सुरुवातीचा थोडा पांढरा चालतो, निळा म्हणजे तेल जळतंय, भारावर काळा म्हणजे पंखा फार मोठा किंवा हवा-इंजेक्टरची गडबड. आणि सगळ्यात आधी, त्या कंपनीचे सुटे भाग म्हापसा, पणजी, वास्को किंवा मडगावात कुठे मिळतात आणि कोण बसवतो, हे विचारून या. दुनियेतलं उत्तम इंजिन, पण एक इम्पेलर यायला महिना लागणार असेल, तर तुमच्या उपयोगाचं नाही.

कागदपत्रं

खासगी किंवा प्रवासी होडीसाठी पणजीतलं कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं, मासेमारीसाठी मत्स्योद्योग खातं. नद्यांतल्या होड्यांना २०२१ चा अंतर्देशीय जलवाहनांचा कायदा लागू होतो. त्याने १९१७ चा जुना कायदा बदलला. इंजिन घेण्याआधीच खात्यात जाऊन कुठली कागदपत्रं लागतील ते विचारा, कारण इंजिन बदललं की नोंदीतही बदल करावा लागतो. मूळ बिल आणि इंजिन क्रमांक नसलेलं जुनं इंजिन घेऊ नका. नोंदणीकृत मच्छीमारांना इंधनावर काही सवलती असतात, त्याही तिथेच विचारा. तुमच्या तासांच्या हिशेबात त्याने फरक पडेल.

शेवटची पायरी: पैसे पूर्ण देण्याआधी पाण्यात चाचणी

नेहमी नेणार तेवढी माणसं, तेवढं इंधन, नांगर, दोऱ्या सगळं भरून निघा. भरती लागलेली, वारा कमी, नदीत सरळ पट्टा. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर फेरे पुस्तिकेतल्या मर्यादेत यायला हवेत. फोर-स्ट्रोक आउटबोर्डला ते सहसा ५००० ते ६००० असतात. कमी आले तर पंख्याची पिच (एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जाईल ते माप) जास्त आहे, जास्त आले तर कमी. एक इंच पिचने साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. डिझेल नेमलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल तर ते सतत ओझ्याखाली चालणार, पंखा बदलून घ्या. अर्धा तास चालवून तापमान, ग्लँड, बिल्जमधलं पाणी, बोल्ट तपासा. रिव्हर्समध्ये थांबवून बघा. मग नदीच्या मध्यात इंजिन बंद करा, नांगर टाका, खोलीच्या पाच ते सात पट दोरी सोडा आणि होडी धरते का बघा, कारण मुखापाशी इंजिन बंद पडलं तर पहिलं काम नांगर टाकण्याचं आहे, झाकण उघडण्याचं नंतर. वल्ही होडीत आहेत ना आणि तुम्हाला ती मारता येतात ना, हेही त्याच दिवशी बघून घ्या. मुखाबाहेर नेहमी जाणार असाल तर ५-६ एचपीचं छोटं आउटबोर्ड मागे जादा टांगून ठेवा, मुख्य इंजिन डिझेल असलं तरीही.